मोटफोडे कुठले, कुणाचे

माझं आडनाव मोटफोडे. एकदा सांगून कुणाला कळत नाही आणि दुसऱ्यांदा सांगितलं की समोरचा हसतो. बँक, दवाखाना, पोरीची शाळा, सगळीकडे हाच अनुभव. मोट म्हणजे बैल जुंपून विहिरीतून पाणी उपसायची चामड्याची भली मोठी पिशवी. नव्या पोरांना ती माहीत नसते, म्हणून हल्ली हसणं जरा कमी झालंय. पण आमच्या कुठल्या पूर्वजानं कुणाची मोट फोडली आणि का फोडली, हे मला पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यायची गरजही पडली नव्हती. आडनाव नाकासारखं असतं, आहे तसं घेऊन फिरायचं.

गरज पडली ती प्रगतीमुळे. प्रगती माझी एकुलती एक मुलगी. बारामती एमआयडीसीतल्या एका कंपनीत लॅबमध्ये आहे. मीही तिथंच, पण दुधाच्या प्लांटवर. निरवांगीहून दोघं आपापल्या गाडीवर जातो आणि येतो. एका रविवारी ती म्हणाली, "मला एक मुलगा आवडलाय. आपल्या जातीतला आहे. सणसरचा. घरी ऊस आहे, नोकरी आहे."

तिची आई, अनिता, एवढी खूश झाली की तिनं चहात दोनदा साखर घातली. "नाव काय गं त्याचं?"

"दिग्विजय."

"दिग्विजय कोण?"

प्रगतीनं खाली बघितलं. "दिग्विजय मोटफोडे."

अनितानं गॅस बंद केला. चहा तसाच राहिला.

ज्याला आमच्याकडची रीत माहीत नाही त्याला यात बिघडलं काय ते कळणार नाही. एका मूळ पुरुषापासून आलेली घरं म्हणजे भावकी. भावकीतली पोरं एकमेकांची बहीणभावंडं. त्यांचं लग्न लावणं म्हणजे गावात तोंड दाखवायला जागा न ठेवणं. भावकीबाहेरचे ते सोयरे, लग्न त्यांच्यातच व्हायचं. माणूस एक तर भावकीतला असतो नाही तर सोयरा असतो. दोन्ही एकदम होता येत नाही.

"बाबा, जाधव-जाधवांची लग्नं होतातच की," प्रगती म्हणाली.

"जाधवांनी तालुके भरलेत. आपण सगळे मिळून एका जीपमधी मावू."

हे मी रागात बोललो, पण निघालं खरंच. तिनं मोबाइलवर शोध शोध शोधलं. निरवांगीत आमची तीन घरं, सणसरला चार, हडपसरला एक, तेही इथूनच गेलेलं. संपलं. बाकी महाराष्ट्रात कुणी कुणाची मोट फोडलेली नाही. तिला वाटत होतं, आपलं आडनाव किती वेगळं! आणि मला घाम फुटत होता. आडनाव जितकं दुर्मिळ तितका मूळ पुरुष एकच असणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

तरी म्हटलं, विचारून बघू. घरात विचारण्यासारखं माणूस एकच, माझे चुलते, भीमा तात्या. ऐंशीच्या घरातले, बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. ते आमच्याकडेच असतात आणि प्रगतीवर त्यांचा जीव आहे.

"तात्या, आपल्याला मोटफोडे का म्हणत्यात?"

"आपला आज्जा लई तापट," तात्या म्हणाले. "पाटलानं पाण्याची पाळी चुकवली, तवा भर दुपारी त्याची मोट कुऱ्हाडीनं फोडली आन् गाव सोडलं. कंचं गाव ते न्हाय ठावं."

"आणि सणसरचे?"

तात्यांचा चेहरा एकदम उजळला. "सणसरचा गेणू? त्यो माझा भाऊ हाय की."

"सख्खा चुलत? कसा?"

"ते काय मोजलं न्हाय. भाऊ हाय."

एवढ्यावर काय समजायचं? दिग्विजयचे आजोबा गेणू आबा. म्हटलं, दोघा म्हाताऱ्यांना समोरासमोर बसवू, काय ते निघेल. तात्यांना गाडीवर मागं घेतलं आणि सणसर गाठलं.

दोघांनी मिठी मारली ती सोडेनात. दिग्विजयचे वडील आप्पासाहेब खुर्च्या घेऊन आले. गेणू आबांची बायको दगडाबाई उंबऱ्यात बसून आमच्याकडे बघत होती. मी विषय काढला. गेणू आबा म्हणाले, "मोट फोडली ती रागानं न्हाय. फौज आली व्हती. त्यास्नी पानी मिळू नये म्हनून आमच्या पूर्वजानं आपलीच मोट फोडली. शूर माणूस!"

"आपली न्हाय, पाटलाची," तात्या म्हणाले.

"आपलीच. मला बा नं सांगितलंय."

"तुज्या बा ला कुनी सांगितलं?"

दोघांचं तासभर चाललं. शेवटी आप्पासाहेब म्हणाले, "देवक इचारा. देवक येगळं तर भावकी येगळी." देवक म्हणजे लग्नात मांडवाला बांधतात ते कुळाचं झाड. हा अस्सल उपाय होता. आमचं देवक पंचपल्लव, पाच झाडांची पानं. त्यांचं उंबर. मी सुटलो म्हणणार, तोच दगडाबाई म्हणाली, "पाचात उंबर येतो न्हवं?"

येतो. म्हणजे आमचं देवक त्यांच्यापेक्षा वेगळं होतं आणि नव्हतंही. कुलदैवत विचारलं तर दोघांचा जेजुरीचा खंडोबा. पण आमच्या भागात दगड भिरकावला तरी तो खंडोबाच्याच भक्ताला लागतो, त्यावरून काय ठरवणार? गेलो तसा परत आलो. डोक्यात नुसता काला.

प्रगती रोज संध्याकाळी विचारायची, "काय ठरलं?" मी म्हणायचो, "बघू." ती जेवायची कमी आणि बोलायची त्याहून कमी. मला तिची दया यायची आणि स्वतःचा राग यायचा. एकीकडे वाटे, लावून द्यावं लग्न. दुसरीकडे वाटे, उद्या खरंच भाऊबहीण निघाले तर?

महिनाही झाला नसेल, सणसरहून फोन आला. गेणू आबा गेले.

आम्ही मातीला जाऊन आलो आणि दारातच अनितानं विचारलं, "सुतक धरायचं का?"

भावकीतलं माणूस गेलं की दहा दिवस सुतक. देवपूजा बंद, पुरुषांची दाढी बंद आणि दहाव्याला डोकं-मिशी काढायची. सोयऱ्यांना सुतक नसतं. ते दहाव्याला टॉवेल-टोपी घेऊन जातात आणि दुःखातल्या माणसाच्या डोक्यावर ठेवतात, त्याला दुखवटा म्हणतात. म्हणजे सुतक धरलं तर आम्ही भाऊ झालो, लग्न मोडलं. नाही धरलं आणि उद्या भाऊच निघालो, तर सख्ख्या रक्ताचा अपमान. महिनाभर मी टाळलेलं उत्तर आता दहा दिवसांत द्यायचं होतं, आणि तेही सगळ्यांदेखत.

"अर्धं धरू," मी म्हणालो.

आणि तसंच झालं. तिनं देवापुढे दिवा लावला आणि घंटी वाजवली नाही. मी दाढी बंद केली. आमच्या प्लांटवर दाढीचं खुंट चालत नाही, दुधात केस जाईल म्हणून. सुपरवायझरनं मला तोंडाला बांधायची जाळी दिली. ती बांधून मी पाउच मोजत उभा राहिलो, तर पोरं विचारायला लागली, "मोटफोडे, कोण गेलं?" मी म्हणालो, "अजून ठरलं न्हाय."

तात्यांनी मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण सुतक धरलं. जमिनीवर निजायचे. मी म्हणालो, "तात्या, तुम्हाला कळतंय का? पोरीचं लग्न जाईल."

तेव्हा त्यांनी सांगितलं ते मला कधीच माहीत नव्हतं. तरुणपणी ते उसाच्या बैलगाड्या कारखान्यावर न्यायचे. काट्यावर, म्हणजे जिथं गाडीचं वजन होतं तिथं, माणसानं पुकारा केला, "मोटफोडे!" तात्या पुढं झाले आणि बाजूच्या गाडीवरून आणखी एक पोरगा खाली उतरला. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. तोवर तात्यांना वाटायचं, हे आडनाव आपल्याच घरी आहे. "माझ्या काळजात काय झालं सांगू? वाटलं, भाऊ घावला." त्या दिवसापासून बाजार, जत्रा, तमाशा, सगळीकडे दोघं बरोबर. "आन् माझा बा गेला तवा गेणू आला. कुनी बोलावलं न्हवतं. न्हाव्यापुढं बसला आन् डोकं काढलं. आता त्यो गेला आन् मी टोपी घिऊन जाऊ? पावन्यावानी?"

मला उलट भीतीच वाटली. बिनरक्ताचा माणूस कशाला डोकं काढील? म्हणजे भाऊच असणार.

दहाव्याला सणसरला कालव्याच्या काठी गेलो. माझ्या तोंडावर दहा दिवसांची दाढी आणि हातातल्या पिशवीत नवी टॉवेल-टोपी. दोन्हीकडची तयारी करून आलेला माणूस दोन्हीकडं हसं करून घेतो, हे ठाऊक असूनही मी तसाच गेलो. प्रगती आणि अनिता बायकांत बसल्या. प्रगतीनं येताना एकच विचारलं होतं, "बाबा, आज कळेल ना?"

भावकीतले पुरुष न्हाव्यापुढं रांगेनं बसले. आप्पासाहेब, त्यांचा भाऊ, मग दिग्विजय. मी पिशवी घट्ट धरून बाजूला उभा. तेवढ्यात तात्या काठी टेकत गेले आणि दिग्विजयच्या शेजारी खाली बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. न्हाव्यानं त्यांच्या डोक्यावर पाणी चोळलं.

दिग्विजयनं एकदा तात्यांकडे बघितलं आणि मान खाली घातली. बायकांत प्रगती उभी राहिली होती. न्हाव्यानं वस्तऱ्यात नवं पातं घातलं.

"भीमा, ऊठ तितनं."

दगडाबाई होती. अंगावर पांढरं लुगडं, कपाळ मोकळं. सुनेचा हात धरून ती रांगेपर्यंत आली.

"वहिनी, माज्या बा ला गेणूनं डोकं काढलंय."

"काढलं ना. घरी आला तसा भांडले मी. म्हनलं, सासू-सासरं माजं जित्तं, तू डोकं काढून आला, कोन मेलं? म्हनला, भावाचा बा. म्हनलं, कंचा भाऊ? तर म्हनला, काट्यावरचा. माज्या सासऱ्यानं इचारलं, त्ये आपलं कोन लागत्यात? तर म्हनला, कोनबी न्हाईत, मला लागत्यात. चार दिस घरात घेतलं न्हवतं त्याला, फुकटचं सुतक आनलं म्हनून."

तात्यांच्या डोक्यावरचं पाणी कानामागून गळ्यात उतरत होतं.

"त्यानं केलं ते मैतरासाटनं केलं," दगडाबाई म्हणाली. "आज तू केलंस तर लोक रक्त म्हनतील. मंग ह्या पोरानं काय करायचं? त्या पोरीनं काय करायचं? ऊठ बाबा. मी त्याची बायकू, मी सांगती."

"मंग मी त्याचा कोन वहिनी?"

तिनं हात जोडले.

तात्या काठीवर जोर देऊन उठले, माझ्याकडे आले आणि पिशवीसाठी हात पुढे केला. आप्पासाहेबांचं डोकं काढून झालं होतं. तात्यांनी त्यांच्या खांद्यावर टॉवेल टाकला, नवी टोपी त्या गुळगुळीत डोक्यावर ठेवली, दोन्ही हातांनी नीट केली. ती ठेवताना ते असे रडले की भावकीतलंसुद्धा कुणी तसं रडलं नव्हतं.

झालं. आम्ही सोयरे ठरलो. मोटफोडे कुठले, मोट कुणाची आणि ती फोडली का, यातलं मला अजून काही कळलेलं नाही. दगडाबाई खरं बोलली की नातवासाठी बोलली, तेही मी विचारलं नाही. निघताना आप्पासाहेबांनी मला पहिल्यांदा व्याही म्हटलं. प्रगती रिक्षात बसताना माझ्या हाताला नुसती चिकटली.

परतताना तात्या माझ्या गाडीवर मागं होते. माझ्या मनात आनंद मावत नव्हता आणि मागं वळून बघायची हिंमत होत नव्हती.

"ज्ञानू, व्याह्याचं सुतक किती दिस असतं?"

"नसतं तात्या."

लासुर्ण्याच्या चौकात त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. "थांब हितं. दाढी करून घितो."

सलूनमध्ये खुर्चीवर बसले. पोरानं गळ्याभोवती कापड बांधलं, ते पांढरं वाढलेलं खुंट बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "आबा, घरातलं कुनी गेलं का?"

तात्यांनी आरशात बघितलं.

"न्हाय," ते म्हणाले. "घरात लगीन हाय."

पोरगा हसला आणि त्यानं फेस लावायला घेतला.