उपाशी सेल

पडद्यावरचा मेमरी सेल वैदेहीला पहिल्यांदा "हुं" म्हणाला, तेव्हा दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

तिचं रविवारचं व्रत होतं. आईनं शिकवलेली कहाणी सांगितल्याखेरीज घास घ्यायचा नाही, आणि ऐकणाराही उपाशीच हवा. प्रयोगशाळेत तर सगळे मिसळ खाऊन बसलेले. उपाशी होता तो सेल. अजून कुठं घडवलेलाही नाही, नुसता सिम्युलेशनमधला. वीज गेली तरी दहा वर्षं लक्षात ठेवायचं, एवढंच त्याचं काम. पण भरलेला चार्ज क्षणात गळून जायचा.

तिनं चार तांदूळ हातात घेतले, चार कीबोर्डशेजारी सेलसाठी ठेवले आणि कहाणी सांगितली. प्रत्येक वाक्याला सेल हुंकार देत गेला. कहाणी संपली, हातातले तांदूळ तिनं त्या चारांतच ठेवले, तशी गळती थांबली.

"अगं बाई, धरलं की यानं!" शेजारची रेश्मा मुलाणी ओरडली. "भरलंस तरी काय?"

"कहाणी."

"कुठली?"

वैदेहीनं तोंड उघडलं. कहाणी नव्हती. आई गेल्यापासून तिचा आवाज त्या कहाणीतच काय तो उरला होता, तोही नव्हता.

देवस्थळी सर धावत आले. "दातीरबाई, आता हात लावायचा नाही. वाचला की रिकामा होतो हा. उद्या पाहुण्यांसमोर एकदाच वाचू."

"सर, आई आहे हो त्यात."

"असू द्या की. दहा वर्षं काळजी नाही."

ते गेले. वैदेही खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. कशासाठी उपाशी थांबलोय, तेच तिला आठवेना.

"तोंड बघ किती सुकलंय," रेश्मा म्हणाली. "उरलीय थोडी, खा."

वैदेहीनं मिसळ खाल्ली. चांगली झणझणीत होती.

मग ती सेलकडे निघाली. जिथं जास्त घडतं तिथं सिम्युलेशनमधली हिशेबाच्या चौकोनांची जाळी बारीक करावी लागते, तशा टेबलाजवळच्या फरशा बारीक होत गेल्या होत्या. एका फरशीला एक पाऊल. शेवटच्या फरशा तांदळाएवढ्या होत्या. ती पोचली तेव्हा चार वाजले होते.

तिनं सवयीनं तांदूळ उचलले आणि वाचायचं बटण दाबलं.

"सांगते हं, वैदू," सेल आईच्या आवाजात म्हणाला. "उपाशी आहेस ना?"

वैदेहीनं मूठ उघडली. तर्रीनं तांदूळ लाल झाले होते, अगदी अक्षतांसारखे.