चंद्रभागेची वाक्यं

सगुणा कळव्याहून डोंबिवलीला आली ती हातात कोरी कॅसेट घेऊनच. "आयेचा आवाज यात भरून द्या, बाई. पुढल्या महिन्यात वरीस होईल तिला जाऊन. घरात फोटो हाय, आवाज नाय."

प्राध्यापक नंदा चौबळ दारातच थिजल्या.

नऊ वर्षांपूर्वी, शहाऐंशीत, त्या रोज दुपारी सगुणाच्या आईच्या, चंद्रभागेच्या ओटीवर बसायच्या. खाडीकाठी चंद्रभागा बोंबील वाळत घाली, बोलत राही, आणि यांचा टेपरेकॉर्डर फिरत राही. संगणकाला शब्दांचे अर्थ शिकवायचे, हे नंदाबाईंचं काम. विद्यार्थ्यांना त्या सांगत, "स्थळाची चौकशी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे करतो ना आपण? शब्दाचंही तसंच. तो कुणाकुणाजवळ बसतो ते मोजा." म्हणून चंद्रभागेचं वाक्य न् वाक्य त्यांनी स्वतः टाइप केलं. संगणकाने ती सुटी करून शब्दवार लावली, एका शब्दाची सगळी वाक्यं एका पानावर. त्यावर डॉक्टरेट झाली, प्राध्यापकी मिळाली, दोनदा परदेशातून बोलावणं आलं. आणि कॅसेटी? उतरवून झाल्या की विभागात त्यांवरच पुढचं रेकॉर्डिंग व्हायचं. चंद्रभागेच्या कॅसेटींवर दिवा गावचे कुणी महिपतराव बोलून गेले होते.

"आवाज नाही गं राहिला, सगुणा. मी पुसला."

"पुसला? आये काय फळा होती?"

नंदाबाईंनी घाईघाईने कपाटातून छापील कागदांचा जाड गठ्ठा काढला. "तिचं सगळं बोलणं आहे यात. एक शब्द गाळलेला नाही."

सगुणा सातवी शिकलेली. तिने पानं उलटली. "भरतीच्या पानावर नुसती भरती. अशी बोलायची काय आये? ती भरतीवरून माझ्या लग्नावर जायची, नि लग्नावरून बापाच्या दारूवर!" आणि आई कशी बोलायची ते दाखवायला तिने रागारागातच एक ओळ मोठ्याने वाचली. "अगो सगुणे, पानी चढलं, जालं उचल!"

शेवट उंच ओढून, थेट चंद्रभागेसारखा. 

"अजून वाच ना," त्या म्हणाल्या.

सगुणा वाचत गेली. मध्येच हसली, मध्येच डोळे पुसले. 'एकली' या शब्दाच्या पानावर मात्र चौथ्या ओळीला तिचा आवाज उतरला. "ही बाय घरी एकलीच जेवतं वाटतं. दोन बोंबील बांध तिला."

ती ओळ नंदाबाईंना तोंडपाठ होती. प्रबंधातलं उदाहरण एक्केचाळीस. 'जेवणे' हा 'एकली'चा जवळचा शेजारी, असं त्यांनी खाली लिहिलं होतं. चार परिसंवादांत फळ्यावर काढून दाखवलं होतं. रोज निघताना हातात पडणारी पुरचुंडी ही त्यांना कोळीवाड्याची रीत वाटायची.

"ही तुमीच ना, बाई?"

"माझ्या कधी लक्षातच आलं नाही गं."

"नऊ वर्सं?"

 सगुणाने गठ्ठा काखेत मारला. "मीच वाचतंव नि मीच भरतंव आता. पोरांना निदान आयेचा हेल तरी कळंल." दारातून ती परत वळली, गठ्ठ्यातून 'एकली'चं पान काढून टेबलावर ठेवलं. "ह्ये तुमचं."

जिन्यातली पावलं विरल्यावर नंदाबाईंनी ताट वाढून घेतलं. समोर ते पान ठेवलं आणि चौथी ओळ मोठ्याने वाचली. वर्गात वाचतात तशी निघाली, सपाट. शेवट उंच ओढून पाहिला. नाही जमलं.

भात निवला तरी त्या वाचत होत्या.