देवीला पत्ता सांगताना

सहलीची बस लुकांगला माझूदेवीच्या देवळापाशी थांबली, तशी यू-श्याबाई सुनेला म्हणाल्या, "मी नुसतं बघणार हं. माझी देवी गावाकडची."

पण आत गेल्यावर हातांना राहवेना. त्यांनी कौलाच्या दोन लाकडी चंद्रकोरी उचलल्या, देवीला आपलं नाव सांगितलं, गावचा पत्ता सांगितला, आणि गुडघा बरा होईल का असं विचारून कौल टाकला. दोन्ही कोरी उताण्या पडल्या. म्हणजे देवी हसली. पुन्हा टाकला, तर पुन्हा हसली.

"हसायला काय झालं हिला?" बाई तडकल्या.

"अहो आई, गावचं घर विकलं ना आपण!" फांग-ई म्हणाली. "देवी त्या पत्त्यावर जाऊन नव्या मालकाचा गुडघा चोळणार का?"

सासूबाईंनी सुनेकडे डोळे वटारून पाहिलं. मग हात जोडून त्या पुटपुटू लागल्या, "ताइपेई. भाजीबाजारामागची गल्ली, सहावा मजला. लिफ्ट बंदच असते, जिन्यानं ये. बेल वाजत नाही, सुनेला हाक मार. तोंडाची फटकळ आहे, पण माझ्यावर फार जीव तिचा."

कौल पडला. एक कोर उताणी, एक पालथी. देवी हो म्हणाली होती.

फांग-ई बघतच राहिली. "आई, काय म्हणालात आत्ता?"

"मी गुडघ्याचं विचारत होते," चंद्रकोरी जागेवर ठेवत बाई फणकारल्या. "देवी कशाला हो म्हणाली, ते तिलाच विचार."