ज्याची त्याची जागा

लुंबिनीच्या वेणीत रोज धूळ दिसू लागली, तेव्हाच मला वाटलं, पाणी कुठंतरी मुरतंय. तिसरीतली माझी पोर. एकदा तर तळहातावर झाडूच्या काडीचा ओरखडा घेऊन आली. विचारलं तर म्हणे, "मॅडम शिकवून राहिल्या. माझं मीच करते."

पुनम मॅडम लातूरहून नव्यानं आलेल्या. त्यांनी पोरांना कंगवे दिले, नखं कापायला शिकवलं, तुटलेली गुंडी लावायला शिकवलं. वर बोलणंही गोड. आम्हाला आजवर फुकट कुणी काही दिलेलं नाही, त्यामुळं मला त्या बाईचा आणखीच संशय आला.

मी शाळेत होते तेव्हा वर्ग झाडायला गुरुजी आमच्याच बौद्धवाड्यातल्या पोरींना उठवायचे. "तुमाला सवय असती," म्हणायचे. बाकीची पोरं पाय वर घेऊन बसायची आणि आम्ही खालून झाडायचो. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, यात माझं काय चुकलं?

नवऱ्याला, आनंदराजला, मी सांगून टाकलं, "आपल्याच पोरीला झाडायला लावत असतील तर दाखला काढते अन् नांदेडला भावाकडं ठेवते तिला."

"आधी बघून तर ये," तो म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी खुरपणी अर्धी टाकून शाळेत गेले आणि पाण्याच्या टाकीआड उभी राहिले. व्हरांड्यात पोरांची खिचडी नुकतीच खाऊन झाली होती. लुंबिनी खरंच झाडत होती. माझं डोकं भणाणलं. मग बाकीच्यांकडं लक्ष गेलं. जो जिथं जेवला ती जागा तो झाडत होता आणि झाडू पुढच्याच्या हातात देत होता. आमच्या वाड्यातली पोरं, पाटील गल्लीतली पोरं, सगळीच. तरी माझा विश्वास बसेना. मी येताना कुणी पाहिलं असेल, म्हणून हे सोंग काढलं असेल, असंही मनात आलं.

तेवढ्यात हणमंतराव आले. त्यांच्याच शेतात मी रोजानं जाते. नातवाच्या, शिवमच्या, हातात झाडू बघून ते तापले.

"मॅडम, घरात पाण्याचा पेला उचलत न्हाई आमचा शिवम, अन् हितं झाडून राहिला?"

"म्हणून तर शिकवतेय, काका. उद्या बाहेरगावी शिकायला गेला तर अडायला नको," मॅडम शांतपणे म्हणाल्या.

हणमंतरावांनी शिवमच्या हातातला झाडू काढून घेतला. इकडंतिकडं बघताना त्यांना मी दिसले.

"महामाया, बरी आलीस. घे, तेवढी जागा झाडून टाक."

मी झाडू घेतला. खरं सांगते, मनात काही आलंच नाही. मालकांनी सांगितलं आणि कंबर वाकली. दोन हात मारलेसुद्धा.

लुंबिनीनं माझं मनगट धरलं. "माय, ठेव. ती जागा शिवमची हाय."

अख्खी रांग माझ्याकडं बघत होती. लाजेनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीला यातून सोडवायला आले होते आणि वाकले होते मीच. माझा झाडू थांबला तसे हणमंतरावांनी डोळे वटारले, आणि उद्यापासून त्यांच्या शेतातलं काम सुटलं हे मी तिथंच ओळखलं.

शिवमनं आजोबांकडं एकदा पाहिलं आणि हात पुढं केला. "काकू, द्या. मला येतंय."

मी झाडू त्याला दिला. कंबर सरळ करायला मात्र मला वेळ लागला.