गुरुवारचा डाग

मी शिवणकाम करते आणि सकाळी दुकान उघडण्याआधी सूर्याची चित्रं काढते. दुर्बिणीला डोळा लावायचा नाही, कायमचं आंधळं व्हायला होतं. तिच्यातून पडणारं बिंब कागदावर घ्यायचं आणि त्यावरचे डाग पेन्सिलीने जिथल्या तिथे टिपायचे. आभाळ असेल तर वर्तुळ कोरं ठेवून खाली 'ढग' लिहायचं. सुरुवातीला घरचे म्हणाले, नव्याचे नऊ दिवस. येत्या महिन्यात अकरा वर्षं पुरी होतील, म्हणजे डागांचं एक अख्खं चक्र, आणि सगळ्या वह्या आकाश निरीक्षक मंडळाकडे जातील.

नेमकी आत्ताच मी गच्चीच्या जिन्यावरून पडले. उजवं मनगट प्लास्टरात.

"ताई, मी काढतो," धाकटा भाऊ म्हणाला. तो दुकानांच्या पाट्या रंगवतो. त्याचा हात असा, की त्यापुढे माझे डाग म्हणजे कागदावर माश्या बसल्यासारखे. मला जरा झोंबलंच.

शुक्रवारी मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. गुरुवारच्या पानावर मधोमध एक टपोरा डाग होता. आजच्या बिंबात त्याचा मागमूस नव्हता.

"कालचा डाग कुठे गेला?"

तो पेन्सिलीला टोक करत राहिला. "काल आभाळ होतं. तू गोळ्यांच्या गुंगीत होतीस. बुधवारी दिसला होता, म्हटलं थोडा पुढे सरकला असेल. कोरं वर्तुळ बघून तुला वाईट वाटलं असतं गं."

त्याची माया कळली, तरी संतापाने माझे कान तापले. एक पान खोटं निघालं, तर बाकीच्या चार हजारांवर कुणी का विश्वास ठेवावा?

"खोडून टाकतो."

"खोडायचं नाही." मी डाव्या हाताने डागावर फुली मारली आणि खाली वेडंवाकडं लिहिलं: 'ढग. डाग पाहिला नाही, अंदाजाने काढला.' मंडळाने वह्या परत पाठवल्या तरी बेहत्तर.

"आता मी काढते. तू कागद धर."

"डाव्या हाताने?"

"वेळ आली तर पायाने."

अर्धा तास लागला. खाली एक गिऱ्हाईक हाका मारून निघून गेलं. शेवटी बिंबाच्या अगदी कडेला मी एक बारीक ठिपका काढला.

"हा कुठून आला? बुधवारी तर नव्हता."

"बघ की."

त्याने कागद सूतभर सरकवला. पेन्सिलीचा ठिपका सरकला, सूर्यावरचा होता तिथेच राहिला.

"आहे," तो म्हणाला, आणि कागद जागेवर आणून पुन्हा घट्ट धरला.