अर्धा आटा

कापडाच्या पट्टीवर तीन रेघा उमटल्या होत्या. तांबडी आणि निळी एकमेकींवर, पिवळी मात्र बोटभर वर. उज्वलाने पट्टी उजेडात धरून पुन्हा पाहिली. काल तिन्ही रेघा एकाच जागी पडल्या होत्या.

हेलिकॉप्टरच्या तीन पात्यांच्या टोकांना वेगवेगळा रंगीत खडू लावायचा आणि पाती फिरू लागली की काठीला ताणलेलं कापड अलगद टोकांपाशी न्यायचं. पाती एका उंचीवर फिरत असतील तर रंग एकावर एक पडतात; नसतील तर पात्याच्या मुळाशी असलेला दांडा आट्यांवर थोडा फिरवून ते वर-खाली करायचं. ओझरजवळच्या या शेडसमोरच्या पटांगणात उज्वलाने आखलेलं पहिलंच हेलिकॉप्टर उभं होतं. लहानसंच, हरसूलकडच्या डोंगरातून एखादी अडलेली बाळंतीण उचलून आणता यावी, एवढं. अजून ते दोरांनी जमिनीला बांधूनच चालवत होते. दोर कधी सोडायचे हे उज्वलाने ठरवायचं होतं, आणि आत बसणार होता तिचा धाकटा भाऊ, बुद्धभूषण.

"ताई, आपल्या घरात कुणी मुहूर्त मानत नाही," तो हेलिकॉप्टरमधून खाली उतरत म्हणाला. "मग तू काय अमावास्या टळायची वाट बघतेयस?"

"गप रे. पिवळं पातं वर जातंय."

"काल नव्हतं जात."

भिकन मिस्त्री पाना पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, "मॅडम, काल जाताना तुम्हीच सांगितलंत ना, पिवळ्याचा दांडा अर्धा आटा फिरवा म्हणून."

काल रेघा जुळल्या होत्या, तरी उज्वलाच्या मनाला केसभर फरक वाटला होता. त्याआधी शेपटीचा पंखा, त्याआधी वारा. दर वेळी काहीतरी निघायचंच. आता तर काळजीनेच चांगलं चाललेलं बिघडवलं होतं.

"उलटा फिरवा, भिकनभाऊ."

पाती पुन्हा फिरली. या वेळी कापडावर एकच रेघ उमटली, तिन्ही रंग मिसळून मातकट झालेली.

पाती थांबल्यावर ती भूषणपाशी गेली आणि त्याच्या हेल्मेटचा पट्टा ओढून पाहू लागली. त्याने मुकाट्याने हनुवटी वर केली. आई गेल्यावर शाळेच्या शर्टाचं वरचं बटण ती लावायची, तेव्हाही तो ती अशीच वर करायचा. आता त्या हनुवटीवर पांढरे खुंट होते.

"ताई, गळा सोड की."

ती हसली. हात मागे घेतला, दोन पावलं सरकली आणि वळून म्हणाली,

"भिकनभाऊ, दोर सोडा."