संक्रांतीला आणून देतो

सन दोन हजार सतरा. मार्गशीर्ष लागला होता. बाजारात ओल्या हरभऱ्याच्या गड्ड्या आल्या होत्या आणि सकाळी माझी पारडी हाताला गार लागत होती. त्या महिन्यात मी शाळेत गेलो. त्याआधी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं.

मी तराजू. हातात धरायचा, दोन पारड्यांचा. दांडी लोखंडाची, पारडी पितळेची. मला बोलायची सवय नाही. एकदाच सांगतो.

मला महिपती नावाच्या माणसानं रविवार पेठेतून आणलं. मांजरी गावात त्याची भाजीची शेती होती आणि लग्न नुकतंच झालं होतं. घरी आल्यावर त्यानं मला उचलून पाहिलं. मी डोलतच राहिलो. मग त्यानं मला बायकोच्या हातात दिलं. सुशीलाबाईंनी मुठीत धरलं आणि मी उभा राहिलो.

"हा तुझा," महिपती म्हणाला. "माझ्याजवळ थांबत न्हाय."

तेव्हापासून मी सुशीलाबाईंचा.

त्यांची एक रीत होती. काटा मधे आला म्हणजे तोलून झालं, असं त्या मानत नसत. काटा मधे आल्यावर मूठभर भाजी आणखी पडायची. भाजीचं पारडं खाली जायचं. मग त्या म्हणायच्या, "घ्या." एखादं भलं गिऱ्हाईक म्हणायचं, "मावशी, जास्त झालं." त्या म्हणायच्या, "जास्त झालं की मी सांगीन."

वजनमापवाले मला तपासून शिक्का मारायचे. मी एकदाही नापास झालो नाही. शाळेत शिकलेल्या किती जणांना असं म्हणता येईल, मला ठाऊक नाही.

पुढे महिपती गेला. शेतावर इमारती उभ्या राहिल्या. सुशीलाबाई त्याच इमारतींसमोर रस्त्याच्या कडेला भाजी मांडून बसू लागल्या. मुलानं, शंभूनं, बॅटरीवरचा वजनकाटा आणला. त्यावर भाजी ठेवली की आकडा दिसतो. नव्या इमारतीतल्या लोकांना आकडाच लागायचा, म्हणून बाईंनी तो ठेवून घेतला. पण माझी पारडी त्या चिंचेनं घासत राहिल्या, आणि जुनं गिऱ्हाईक आलं की हात माझ्याकडेच यायचा.

शंभूची मुलगी नम्रता तेव्हा सहावीत होती. तिच्या महापालिकेच्या शाळेत त्या वर्षी एक उपक्रम सुरू झाला. हिंजवडीतली कुठलीशी कंपनी पैसे देत होती, एक संस्था माणसं पाठवत होती. शाळा सुटल्यावर वाचनात आणि गणितात मागे पडलेल्या मुलांचा वर्ग भरायचा. शिकवायला प्रज्ञेश नावाचा तरुण येत असे, भंडाऱ्याकडचा. त्याला सर म्हणायचं नाही, दादा म्हणायचं, असा संस्थेचा नियम. तो 'का' म्हणायच्या जागी 'काहून' म्हणायचा. मुलं पाठीमागे त्याला काहूनदादा म्हणत.

वर्गात गट पाडले होते आणि गटांना फुलांची नावं दिली होती. मोगरा म्हणजे बरे, झेंडू म्हणजे अगदीच मागे. असं कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच दिवशी सगळ्या पोरांना कळलं होतं. नम्रता झेंडूत होती.

समीकरणातलं 'बरोबर'चं चिन्ह समजावायला प्रज्ञेशला तराजू हवा होता. संस्थेनं प्लास्टिकचा दिला होता. त्यात खोडरबर ठेवलं तरी तो आडवा व्हायचा. नम्रता उठून म्हणाली, "दादा, आमच्या घरी हाय खरा. पण आज्जी देणार न्हाय."

प्रज्ञेश संध्याकाळी भाजीपाशी आला. चपला काढून खाली बसला.

"मावशी, तुमचा तराजू पाहिजे होता. शाळेसाठी."

"शाळेत काय भाजी इकणार?"

"गणित शिकवणार आहे."

"मला तर त्यानं काय शिकवलं न्हाय इतकी वर्षं."

"पोरांना शिकवेल, मावशी. संक्रांतीला आणून देतो."

सुशीलाबाईंनी मेथीवर पाणी मारलं. मग म्हणाल्या, "दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देत नसत्यात."

"तिळगूळ घालून आणतो."

"आन् जामीन कोन?"

प्रज्ञेशनं आजूबाजूला पाहिलं. त्याचं इथं कुणी नव्हतंच. बाजूला मेथी निवडत बसलेली नम्रता म्हणाली, "मी."

बाईंनी नातीकडे पाहिलं. हसल्या नाहीत. मला फडक्यात गुंडाळलं आणि त्याच्या नाही, तिच्या हातात दिलं. "ध्यानात ठेव. जामीन हायस."

असा मी शाळेत गेलो.

प्रज्ञेशनं मला खिडकीच्या गजाला टांगलं. एका पारड्यात एक डबा ठेवला आणि दुसऱ्यात एकेक गोटी टाकायला सांगितली. दोन्ही बाजू बरोबर झाल्या की थांबायचं आणि डबा किती गोट्यांचा ते सांगायचं. सगळ्यांचा डबा सात गोट्यांचा आला. नम्रताचा आठ. दुसरा डबा सगळ्यांचा दहाचा, तिचा अकराचा.

"झेंडूऽ," कुणीतरी मागून ओरडलं.

"नम्रता, परत मोज," प्रज्ञेश म्हणाला.

"मोजलंय."

त्याला वाटलं पोरीला मोजताच येत नाही. त्यानं तिला मणी मोजायला बसवलं. ती खाली मान घालून मणी मोजत होती आणि मी गजाला लटकून बघत होतो. मला सगळं कळत होतं. आपल्याला बोलता यावं असं मला जन्मात तेवढ्याच वेळी वाटलं.

शेवटी एके दिवशी तो तिच्याशेजारी येऊन बसला. "मणी बरोबर मोजतेस. मग आठवी गोटी काहून टाकली?"

"ती वरची."

"वरची म्हणजे?"

"काटा मधे आला म्हणजे झालं व्हय? मधे आल्यावर वरची टाकायची. न्हाय तर गिऱ्हाईक म्हणंल, सुशीलाबाई चिंगूस हाय."

वर्ग हसला. प्रज्ञेश हसला नाही. "वरची बाजूला काढली तर किती?"

"सात."

"आणि त्या दुसऱ्या डब्याला?"

"धा."

"भाजीपाशी वरची टाकायची," तो म्हणाला. "इथं काटा मधे आला की हात मागे."

"मग हितं गिऱ्हाईक कोन?"

"इथं गिऱ्हाईक नाही. इथं नुसत्या दोन बाजू आहेत."

तिनं जरा विचार केला. मग माझ्या पारड्यातून एक गोटी उचलली आणि मूठ मिटून घेतली. काटा मधे आला. मी तिला तिथंच उभं राहून दाखवलं, जराही न हलता. संक्रांत जवळ आली तोवर तिला समीकरणं सुटू लागली होती आणि ती झेंडूतून उठून पुढे बसली होती.

पोरांचे हात चांगले होते. उबदार, जरा चिकट. पण मला माझ्या हाताची सवय होती. संक्रांत येते आहे, याच भरवशावर मी होतो.

संक्रांत आली आणि कंपनीचे साहेब बघायला येणार असं ठरलं. मुख्याध्यापक बाई म्हणाल्या, "तोवर तो तराजू राहू द्या, छान दिसतो." प्रज्ञेशनं नम्रताबरोबर निरोप धाडला, चार दिवस द्या. सुशीलाबाईंनी उलट निरोप धाडला, चार दिवसांनी द्या म्हणाव, पण रिकामा न्हाय.

साहेब येण्याआधी शाळेचे लिपिक बजरंगराव पांढरा रंग घेऊन आले. शाळेतल्या प्रत्येक वस्तूवर नंबर हवा. कपाटावर टाकला, पंख्यावर टाकला, माझ्या दांडीच्या उजव्या बाजूवर टाकला. एका अंकाचा ओघळ आला, तोही तसाच वाळला.

रंगाला वजन असतं. मी उजवीकडे कलंडलो. कुणाच्या लबाडीनं जो कधी कलला नाही तो मी, रिकामाच कलंडलो. साहेब आले, माझ्याबरोबर फोटो काढून गेले. कुणाच्या लक्षात आलं नाही. प्रज्ञेशच्या आलं. पोरं बघत असताना त्यानं डाव्या बाजूला लाल दोरा गुंडाळला आणि काटा मधे आणला. तो दोरा पुढे कितीतरी काळ माझ्या अंगावर होता.

मार्च संपला. कंपनीनं ठरवलं की पुढच्या वर्षी पैसे टॅबलेटसाठी. वर्ग बंद झाला. प्रज्ञेश मला न्यायला ऑफिसात आला.

"अहो, हा एका आजींचा आहे. मी मागून आणला होता."

"नंबर कुणाचा आहे?" बजरंगराव म्हणाले.

"नंबर तुम्हीच टाकला."

"म्हणजे शाळेचा. शाळेत वस्तू यायला कागद लागत नाही. जायला लागतो."

"मग कागद आणतो."

"आणा की. आम्ही कुठे पळून चाललोय?"

पळाला कुणीच नाही. संस्थेनं प्रज्ञेशला चंद्रपूरच्या शाळांवर पाठवलं, आणि कागद काही आला नाही. मला कोठीत ठेवलं आणि कुलूप लावलं.

कोठीत तो प्लास्टिकचा तराजू होता, आडवा पडलेला. गुंडाळलेले तक्ते होते. पुढे टॅबलेटची खोकीही तिथंच आली. शाळेच्या घंटेवरून दिवस कळायचा. मग घंटाही बंद झाली. साथीचा काळ होता असं नंतर समजलं. माझ्या पारड्यांत धूळ बसत होती. दोन्हीत सारखी. तेवढं तरी बरोबर चाललं होतं.

मला मेथीचा ओला वास आठवायचा. पारड्यात टोमॅटो पडायचे तो आवाज आठवायचा. आणि मूठ. दांडीच्या वरच्या कडीत बोट अडकवायची त्यांची एक पद्धत होती, त्या बोटावर घट्टा होता. तो घट्टा माझ्यामुळे पडला होता. आता तो मऊ पडला असेल, असं मनात यायचं आणि मला ते सोसत नसे.

एकदा फाटकाशी त्यांचा आवाज ऐकला.

"माझा तराजू हाय आत."

"मावशी, साहेब रजेवर आहेत. सुट्टीनंतर या."

"कंच्या सुट्टीनंतर?"

रखवालदारानं फाटक लावून घेतलं. सुट्टीनंतरही त्या आल्या. तिसऱ्यांदा आल्या नाहीत. त्या येत होत्या तोवर मी वाट पाहत होतो. न येऊ लागल्यावर जास्त पाहू लागलो.

दोन हजार चोवीसच्या मार्गशीर्षात कुलूप निघालं. शाळेत पुन्हा उपक्रम सुरू झाला होता, संस्था वेगळी होती. आत एक मुलगी आली. अंगात संस्थेचा टी-शर्ट, तोंडाला ओढणी बांधलेली. तिनं तक्ते बाजूला केले, लाल दोरा पाहिला आणि थांबली. मग मला कडीत बोट घालून उचललं.

डोलायला मला वेळच मिळाला नाही. हात तोच होता. वय तेवढं कमी होतं.

नम्रता आता कॉलेजात पहिल्या वर्षाला होती, गणित घेऊन. संध्याकाळी इथल्या मुलांना शिकवायला येत होती. मुलं तिला ताई म्हणत.

ती मला घेऊन ऑफिसात गेली. बजरंगराव होतेच. केस पांढरे झाले होते, बाकी तसेच.

"पुन्हा हाच तराजू?" ते म्हणाले.

"सर, हा माझ्या आज्जीचा आहे."

"तेव्हाही कुणीतरी हेच म्हणत होतं."

"दादा. त्यांची बदली झाली, पण जामीन मी होते." तिनं मला टेबलावर ठेवलं. "आज्जीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं नाही. वजनकाट्यावरचे आकडे तिला दिसत नाहीत. दोन वर्षं ती भाजीवर बसलेली नाही, नुसती दारात बसून असते. हा डोळ्यांनी बघावा लागत नाही, सर. हा तिच्या हाताला कळतो."

बजरंगराव चष्मा पुसू लागले. "अहो ताई, ते सगळं खरं. पण मी दोन महिन्यांत रिटायर होतोय. मोजणीत एक तराजू कमी आला तर माझी पेन्शन कोण तोलणार?"

"कमी येणार नाही."

दुसऱ्या दिवशी ती नवा कोरा तराजू डब्यासकट घेऊन आली. पितळी पारड्यांचा, माझ्याच मापाचा. तिच्या मानधनातला होता. "हा घ्या. तराजू एक. नंबर टाका. पण दांडीवर नको, डब्यावर टाका."

"का?"

"रंगाला वजन असतं. दादांनी दोरा बांधताना सांगितलं होतं."

बजरंगरावांनी नव्या तराजूकडे पाहिलं, माझ्या अंगावरच्या ओघळाकडे पाहिलं. "शिकवायला येता की आम्हालाच शिकवायला येता?" असं म्हणाले आणि मला टेबलावरून तिच्याकडे सरकवलं. कागद मागितला नाही.

नम्रतानं मला लगेच घरी नेलं नाही. मैत्रिणीकडे ठेवलं. सुरीच्या पाठीनं रंग खरवडला, दोरा कापला, पारडी चिंचेनं घासली. दोन्ही बाजू मोकळ्या झाल्या तेव्हा मी कितीतरी वर्षांनी सरळ उभा राहिलो. ती संक्रांतीसाठी थांबली होती. बरोबर होतं ते. वायदा संक्रांतीचा होता.

संक्रांतीला सकाळी सुशीलाबाई दारात उन्हात बसल्या होत्या. त्या बारीक झाल्या होत्या. हात मांडीवर पडलेले, तळवे वर.

"आज्जी, संक्रांत हाय," नम्रता म्हणाली. घरी ती घरचंच बोलते.

"ठावं हाय. कंची?"

"तीच."

तिनं मला त्यांच्या हातात दिलं. त्यांनी आधी दांडी चाचपली, मग साखळ्या, मग पारडी. पारड्यात तिळगूळ होता. त्यावर त्यांची बोटं थांबली. मग कडी शोधून त्यांनी बोट अडकवलं. घट्टा मऊ पडला होता, पण होता. त्यांनी मला उचललं.

नम्रतानं दुसऱ्या पारड्यात पाव किलोचं वजन ठेवलं. काटा आला, मधे थांबला. मी हललो नाही.

नम्रतानं ओढणीतून आणखी एक वडी काढली आणि वर टाकली. तिळगुळाचं पारडं खाली गेलं.

सुशीलाबाईंच्या हाताला ते कळलं.

"फिटलं," त्या म्हणाल्या.